दार अडते कोठे?

बेळगाव-निपाणी भागातील बहुतेक जुन्या घरांत निदान एक तरी दार असे असते, की ते उघडण्याची युक्ती केवळ घरच्या माणसांनाच ठाऊक असते. कडी काढावी, फळी किंचित वर उचलावी, खांदा लावावा आणि 'खर्र' असा आवाज करीत ते दार जमिनीवरून ओढावे. पाहुण्याला ही युक्ती सांगावी लागते. घरातल्या लहान मुलांना मात्र ती न सांगताच येते. त्या दाराने फरशीवर वर्षानुवर्षे कोरलेली चंद्रकोर पाहिली, की त्या घराचा बराचसा इतिहास वाचता येतो. पण तो वाचण्याच्या भरीस कोणी पडत नाही. दार घासू लागले की मेस्त्रीला बोलावणे जाते, मेस्त्री रंधा घेऊन येतो, तळाची अर्धा इंच लाकडाची सालपटे काढतो आणि दार फिरू लागते. पुढल्या वर्षी ते पुन्हा अडते, पुन्हा रंधा चालतो. अशी चार-पाच वर्षे गेली म्हणजे बंद दाराखालून मांजराचे पिल्लू सहज आत येईल एवढी फट पडते. आणि जेथून मांजर येते तेथून उंदीर, विंचू आणि पावसाचे पाणीही येतेच.

बाजारातून नवी बिजागरी किंवा नवी कडी आणण्यापूर्वी दार का अडते हे समजून घेणे आवश्यक आहे. जमीन, चौकट आणि फळी या तिहींपैकी नेमके कोण जागचे हलले आहे हे कळल्यावाचून केलेला खर्च बहुधा वाया जातो.

आपल्या भागाची जमीन एकसारखी नाही. खानापूरच्या बाजूस आणि बेळगावच्या पश्चिमेस जांभा आणि तांबडी माती आहे. ही माती पाणी मुरवून घेते, पण फारशी फुगत नाही. तेथून पूर्वेस आणि उत्तरेस, निपाणी-चिकोडीकडे जाऊ लागले की काळी कसदार जमीन लागते. तंबाखू, ऊस, जोंधळा यांना ती मानवते. घराच्या पायाला मात्र मानवत नाही. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे अतिसूक्ष्म चिकण द्रव्य असते. पाणी मिळाले की ते फुगते, पाणी आटले की आकसते. वैशाखात काळ्या रानाला पडणाऱ्या हात हात खोल भेगा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. तीच हालचाल घराखालीही चालू असते. फरक एवढाच, की घराखालची जमीन सर्वत्र सारखी भिजत नाही. बाहेरच्या भिंतीपाशी पागोळ्यांचे पाणी मुरते, मोरीच्या बाजूला बारमाही ओल असते, माजघराखाली मात्र कोरडे असते. त्यामुळे एक कोपरा वर येतो, दुसरा खाली बसतो आणि मधली फरशी कलते. बेळगाव शहरातही शहापूर, वडगाव, अनगोळ या बाजूंना जेथे पूर्वी भाताची वावरे होती, तेथे उभ्या राहिलेल्या घरांत हा अनुभव येतो. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी, तळाशी कंदासारखे फुगीर असलेले काँक्रीटचे खांब जमिनीत साडेतीन मीटरच्या आसपास खोल उतरविण्याची पद्धत विकसित केली. पण ती नव्या घरासाठी. आजोबांनी बांधलेले घर आता उपटून पुन्हा रोवता येत नाही. तेथे दारालाच जमिनीशी जुळवून घ्यावे लागते.

दुखणे ओळखण्याची एक सोपी खूण आहे: दार कोणत्या महिन्यात अडते ते पाहावे. आषाढ-श्रावणात अडते आणि दिवाळीनंतर आपोआप मोकळे होते ते दार बहुधा लाकडामुळे अडते. लाकूड ओलीने आडवे फुगते, लांबीला जवळजवळ वाढत नाही. म्हणून असे दार कडीच्या बाजूला चौकटीशी दाटते, तळाशी नव्हे. सागवानात हा दोष कमी, हलक्या जंगली लाकडात फार. याउलट चैत्र-वैशाखात जे दार कुरकुरू लागते त्याच्या खालची माती आकसून चौकट कलली आहे असे समजावे. बाराही महिने घासणारे दार असेल तर आधी वरच्या बिजागरीकडे पाहावे. तिचे स्क्रू सैल होऊन फळी लोंबू लागली असेल, तर कडीच्या बाजूस वरची फट रुंद झालेली दिसते. अशा वेळी बिचाऱ्या जमिनीला दोष देण्यात अर्थ नाही. जुनी भोके लाकडी खुंट्या ठोकून बुजवावीत, दोन इंची स्क्रू घालावेत आणि वरच्या बिजागरीखाली वीतभर अंतरावर आणखी एक बिजागरी बसवावी. तिसरी बिजागरी मध्यावर बसविण्याची पद्धत आहे; परंतु लोंबणाऱ्या दाराचा सारा ओढा वरच्या बाजूला असतो, म्हणून तिची खरी गरजही तेथेच असते.

आणखी एक परीक्षा घरच्या घरी करता येते. दार अर्धे उघडून सोडून द्यावे. ते जेथल्या तेथे उभे राहिले तर चौकट ओळंब्यात आहे. आपण होऊन मिटू किंवा उघडू लागले तर चौकट कलली आहे.

आता उंबरठ्याविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण या साऱ्या प्रश्नाचे आपल्या पूर्वजांनी शोधलेले उत्तर तेथेच आहे. जुन्या घरातील जमीन मुरूम घालून, धुमसाने चोपून, वर शेणाने सारवलेली असे. ती कधीच पाणसळीत नसे. वारंवार सारवून तिचा थर चढत जाई, पायवाटेच्या जागी ती झिजे, कोपऱ्यात उंच राही. अशा जमिनीवर दार फिरवायचे तर ते जमिनीपासून दूरच ठेवले पाहिजे. म्हणून चौकटीला चौथे, तळचे लाकूड आले. चार-सहा इंच उंचीचा हा उंबरठा आडवा असे, आणि फळी मिटली की त्याला टेकून उभी राही. फळी जेवढी उंबरठ्यावर, तेवढी ती घरातल्या जमिनीच्याही वर. उघडताना खालच्या चढउताराशी तिचा संबंधच येत नसे. जमीन बोट-दोन बोटे वर आली तरी दाराला त्याची दाद नसे. शिवाय मिटल्यावर खाली फट उरत नसे. पाणी, धूळ, सरपटणारे जनावर सारे उंबरठ्यापाशी अडे.

त्या काळी बिजागऱ्याही नव्हत्या. फळीच्या एका कडेला वर आणि खाली लाकडाचाच गोल खुंट ठेवीत. वरचा खुंट चौकटीच्या माथ्यावरील भोकात आणि खालचा उंबरठ्यालगतच्या खाचेत फिरे. जुन्या दगडी देवळांच्या उंबरठ्यांत वाटीसारख्या कोरलेल्या अशा खाचा अद्याप पाहायला मिळतात. या रचनेत दाराचा सारा भार खालच्या खुंटावर उभा राहतो, लोंबत नाही. म्हणून मणामणाची दारे शतकभर न लोंबता फिरत राहिली. खालचा खुंट झिजून दार खाली बसले तर खाचेत लोखंडाची एक चकती टाकली की काम भागे. जमिनीशी जुळवून घेणारे इतके साधे आणि स्वस्त साधन त्यानंतर फारसे निघालेले नाही, असे माझे मत आहे.

उंबरठ्याला आपण हळदकुंकू वाहतो, त्यावर रांगोळी काढतो, नववधू तेथले माप ओलांडून घरात येते. आपल्या कन्नड शेजाऱ्यांच्या घरीही 'होस्तिला'ची पूजा तितक्याच श्रद्धेने होते. परंतु नव्या फरशीच्या हौसेत सर्वांत आधी उखडला जातो तो हाच. सोप्यापासून स्वयंपाकघरापर्यंत एकसलग, गुळगुळीत फरशी हवी म्हणून आतल्या दारांचे उंबरठे काढले जातात, फळ्या खाली वाढविल्या जातात, आणि मग जमिनीचा प्रत्येक चढउतार दाराला भोवू लागतो.

निपाणीच्या एका घरातील हकीगत सांगण्याजोगी आहे. घर दोन पिढ्यांचे. चौकाच्या बाजूची पडवी बंद करून तेथे न्हाणीघर केलेले. नवी गुळगुळीत फरशी, उंबरठा नाही, दार आत उघडणारे. पहिल्या पावसाळ्यात ते थोडे घासू लागले. घरच्यांनी उचलून ढकलण्याची सवय करून घेतली. दुसऱ्या श्रावणात घरातील वृद्ध आजी आत गेल्या, पाय घसरून दारापाशीच बसल्या, आणि दार आतल्या बाजूने उघडेना. एकीकडे फुगलेली फळी फरशीत रुतलेली, दुसरीकडे आजींचा देह दाराला अडलेला. शेवटी बाहेरच्या बाजूने फळीचे तावदान फोडून नातवाला आत उतरविले, त्याने आजींना बाजूला सरकविले, तेव्हा दार हलले. या साऱ्यात पाऊण तास गेला. आजी सुदैवाने थोडक्यात बचावल्या. पण पाऊण तास हा वृद्ध माणसाच्या बाबतीत फार मोठा काळ असतो. अडणारे दार ही केवळ कुरबुरीची गोष्ट नव्हे, हे त्या घराला त्या दिवशी पटले.

त्या न्हाणीघराला पुढे जे केले ते वाचकांच्या उपयोगी पडावे. दार बाहेर उघडणारे केले. फळीचा तळ पाऊण इंच कापून तेथे अॅल्युमिनियमच्या खाचेत बसणारी ब्रशाची पट्टी लावली. ती फरशीच्या चढउतारावर वाकते, मोडत नाही. आतली उभी कडी काढून टाकली आणि बाहेरून नाण्याने फिरविता येईल असा बोल्ट बसविला. उंबरठा मात्र पुन्हा घातला नाही, कारण आजींना काठी घेऊन चालावे लागते. जेथे म्हातारी माणसे आहेत किंवा चाकाच्या खुर्चीचा वापर आहे, तेथे जुना सहा इंची उंबरठा हा अडथळाच ठरतो. अपंगांच्या सोयीसाठी केलेल्या मार्गदर्शक नियमांत शक्य तो उंबरठा टाळावा, आणि ठेवायचाच तर सुमारे १२ मिलिमीटरपर्यंत, दोन्ही बाजूंना उतरता असावा, असे धोरण आहे. परसदारी आणि दर्शनी दाराला उंच उंबरठा, आतल्या दारांना उतरती पट्टी, अशी वाटणी मला तरी शहाणपणाची वाटते.

बिजागरी निवडण्यापूर्वी एक माप घ्यावेच. फळी उतरवून ठेवावी. तिच्या रुंदीइतकी सरळ लाकडी पट्टी घेऊन तिचे एक टोक बिजागरीच्या बाजूला चौकटीशी धरावे, वर पाणसळ ठेवून ती आडवी राखावी, आणि दार फिरते त्या कमानीवरून हळूहळू फिरवावी. चार-पाच ठिकाणी पट्टीपासून जमिनीपर्यंतचे अंतर खडूने फरशीवरच लिहून ठेवावे. जमीन नेमकी कोठे आणि किती वर येते ते एका दृष्टिक्षेपात कळते. पुष्कळदा असे दिसते की चढ एकाच बाजूला आहे. मग फळी दुसऱ्या बाजूला टांगली, म्हणजे डावीचे दार उजवीचे केले, की एकही नवी वस्तू न आणता काम भागते.

चढ अगदी थोडा, एखादे सूत असेल, तर जुने सुतार एक हातचलाखी करीत. खालची बिजागरी वरचीपेक्षा किंचित बाहेर काढून बसवीत. त्यामुळे दाराचा आस मागे कलतो आणि उघडताना फळीचे पुढले टोक वर उचलले जाते. हिशोब सोपा आहे. बिजागऱ्यांत ५ फुटांचे अंतर, फळी ३ फूट रुंद आणि खालची बिजागरी पाव इंच बाहेर, एवढे केले तर काटकोनात उघडलेल्या दाराचे टोक पावणेचार मिलिमीटरच्या आसपास वर येते. याहून अधिक लोभ धरू नये. दार मग उघडे राहतच नाही, आपल्याच भाराने मिटू लागते.

चढ सुमारे एक सेंटिमीटरपर्यंत असेल तर चढती बिजागरी आणावी. दुकानात ती 'रायझिंग बट' या नावाने मिळते. तिच्या दोन पाकळ्यांची नळी सरळ कापलेली नसून मळसूत्रासारखी तिरकी कापलेली असते. दार उघडू लागले की वरची पाकळी त्या उतारावरून चढते आणि फळीला सोबत उचलते. मिटताना फळी आपल्या भाराने खाली उतरून जमिनीलगत बसते. काटकोनापर्यंत उघडताना ती फळीला सुमारे एक सेंटिमीटर, काही बनावटींत त्याहून थोडे अधिक उचलते. ही घेताना दोन गोष्टी विसरू नयेत. डावी आणि उजवी निराळी असते. दार कोणत्या हाताचे ते दुकानदाराला नीट सांगावे, नाहीतर दार वर चढण्याऐवजी जमिनीत रुतेल. आणि फळीची वरची कड बिजागरीच्या बाजूला तिरकी तासावी लागते. तसे न केल्यास उचललेली फळी चौकटीच्या माथ्याला धडकते. आतल्या खोल्यांच्या बेताच्या वजनाच्या दारांना ही उत्तम. जुन्या सागवानी जाड फळ्यांना मात्र लावू नये. तिरकी नळी भाराने लवकर झिजते. वर्षातून दोनदा तेलाचा थेंब घातला की आवाज येत नाही.

पाऊण इंचाहून अधिक चढ असेल तर बिजागरीच्या मागे लागण्यात अर्थ नाही. तेथे उंबरठा तरी घालावा, अथवा दार वरच्या रुळावर टांगून सरकते करावे. जमिनीत खड्डा करून बसविण्याची फ्लोअर स्प्रिंग दवाखान्यांत आणि कचेऱ्यांत डौलदार दिसते. काळ्या जमिनीवरील घरात तिचा मोह टाळावा. जमीन कलली की तिचा आसही कलतो. आपोआप मिटणारे दार हवेच असेल तर चौकटीच्या माथ्यावर बसणारा क्लोझर घ्यावा.

कुलूप-कडीच्या बाबतीतही हाच न्याय. फळीच्या पोटात बसणारे मॉर्टिस कुलूप घट्ट आणि देखणे खरे, परंतु त्याची जीभ चौकटीतील पत्र्याच्या भोकात नेमकी जावी लागते. चौकट दोन-तीन मिलिमीटर कलली की किल्ली फिरेनाशी होते, आणि रात्री एकट्या घरात राहणाऱ्या बाईला दार उघडेच ठेवून निजण्याची पाळी येते. त्यापेक्षा फळीवर बाहेरून बसणारे पेटीकुलूप बरे. त्याची चौकटीवरील पेटी स्क्रू सैल करून थोडी वरखाली सरकविता येते. आल्ड्रॉपचे भोक गोल न ठेवता कानशीने उभे लांबट करून घ्यावे. दुहेरी दाराच्या खालच्या कडीसाठी फरशीला भोक पाडण्याची चाल चुकीची आहे. फरशी बसली की कडी भोकापर्यंत पोहोचत नाही, आणि भोक धुळीने भरते ते निराळेच. ते भोक उंबरठ्यात किंवा चौकटीला जोडलेल्या पट्टीत असावे.

जुन्या दारांची साखळी आठवून पाहा. फळीवरून निघून ती वर चौकटीच्या माथ्यावरील कोयंड्यात अडकविली जाई. ती वर का नेत असत? वरचे लाकूड जमिनीच्या उठाठेवीपासून सर्वांत दूर असते. शिवाय साखळीत ढिलाई असते. फळी बोटभर खाली आली तरी कडी कोयंड्यात जातेच. आतून अडसर घालीत, त्याचीही भिंतीतील खोबण ऐसपैस असे. ही साधने ओबडधोबड होती म्हणून टिकली, असे नव्हे. ती हलणाऱ्या घरासाठीच घडविली होती.

बेळगावला लोखंडाचे काम काही नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलींचे दुकान येथेच काढले, त्यांचे लोखंडी नांगर येथे तयार झाले आणि १९१० मध्ये त्यांनी कारखाना कुंडलला हलविला. आज उद्यमबागेत ओतकामाचे कितीतरी कारखाने आहेत. ज्या गावात पंपांचे आणि मोटारींचे सुटे भाग ओतले जातात, तेथे खालच्या खुंटासाठी एक चांगली लोखंडी वाटी आणि पोलादी गोळी कातून मिळणे अवघड नसावे. वाड्याचे मूळचे दार ज्यांना जपायचे आहे त्यांनी बिजागऱ्या ठोकून ती फळी चिरण्यापेक्षा हा मार्ग धरावा.

निपाणीच्या तंबाखूच्या वखारींची दारे हा स्वतंत्र विषय आहे. विडीच्या तंबाखूला फार ओल सोसत नाही आणि फार सुकली तर पानाचा चुरा होतो. त्यामुळे दार नीट मिटणे हा तेथे पैशाचा प्रश्न असतो. लोखंडी शटर लावले आणि दारातील जमीन एका बाजूस बसली, की शटरची खालची पट्टी एका टोकाला टेकते, दुसऱ्या टोकाला फट राहते आणि त्या बाजूचे कुलूप लागत नाही. शटरशी झगडण्यापेक्षा दारातील काँक्रीटची पट्टी पुन्हा पाणसळीत ओतून घेणे स्वस्त पडते.

शेवटी पुराविषयी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये वेदगंगा-दूधगंगेचे पाणी नदीकाठच्या गावांतून शिरले. पाणी ओसरल्यावर घरोघर दारे अडली, आणि लोकांनी घाईघाईने ती तासून घेतली. भिजलेली भिंत आणि भिजलेली फळी पूर्वस्थितीला यायला काही महिने लागतात; काळी माती तर त्याहून सावकाश बसते. भादव्यात तासलेले दार माघात चौकटीत खुळखुळू लागते. म्हणून पुरानंतर फळी उतरवून सावलीत, खाली विटा देऊन आडवी ठेवावी, दारात तात्पुरता पत्रा किंवा ताडपत्री लावावी, आणि मेस्त्रीला संक्रांतीनंतर बोलवावे. बिजागऱ्या मात्र लगेच काढून रॉकेल किंवा डिझेलने धुऊन, तेल लावून ठेवाव्यात. गाळात भिजलेले लोखंड संक्रांतीपर्यंत वाट पाहत नाही.